महिन्याला एकच काम

पाडव्याला केलेला वर्षभराचा संकल्प बहुधा मृगापर्यंतही पोचत नाही. महिन्याचं छोटं उद्दिष्ट मात्र टिकतं, हे परभणी जिल्ह्यातल्या बचत गटांच्या वह्या उघडल्या तरी कळतं. नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला घेतले, त्यामागचा हिशेब साधा होता. ठरलेली लहान रक्कम, ठरलेला दिवस आणि सगळ्यांसमोर नोंद. हप्ता चुकला की रकाना रिकामा दिसतो आणि पुढच्याच बैठकीत त्याची विचारणा होते. बंडुरा आणि शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात कच्च्या मुलांवर केलेला प्रयोग 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही जवळची, छोटी उद्दिष्टं मिळालेली मुलं सरस ठरली.

हेच घरात करायचं म्हटलं, तर कुणी म्हणेल, कापूस-सोयाबीनवाल्या घरात पैसा सुगीला येतो, महिन्याला नाही. खरं आहे. पण उद्दिष्ट दरवेळी पैशाचंच कशाला? पेरणीच्या धांदलीत रात्री पोरांची वही पाहिली तरी पुरे. माल विकल्यावर किराण्याची उधारी फेडणं, उन्हाळ्यात सातबारा, पासबुकं, पावत्या एका पिशवीत लावणं. ठरवायचं मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून. एकट्या सुनेवर लादलं, तर ते तिच्या डोक्यावरचं आणखी एक काम झालं. आणि राहिलंच, तर पुढच्या महिन्यात तेच अर्धं करून घ्यावं.