नदीकाठची सहल आणि ट्राउट मासा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून गेले तीन दिवस संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवकाल या विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली, त्याच व्यासपीठावरून मासे पकडण्याविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. त्यातून समोर बसलेल्या मंडळींपैकी निम्मी तरी शाकाहारी आहेत, हे मी जाणून आहे. तथापि कार्यकारी मंडळाने हा विषय मुद्दाम सुचविला, त्यास कारण आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मंडळाची जी सहल कुलूकडील तीर्थन नदीवर जाते, ती यापुढे चालू ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कोणत्या स्वरूपात, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेपुढे यावयाचा आहे. काही सभासदांना ती हिंसा वाटते, काहींना ती धोक्याची वाटते, आणि काहींची तक्रार अशी, की सहल एवढी मोठी झाली आहे, की मासा गळाला लागतच नाही. या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही ती बंद करू नये, मात्र तिचे रूप पालटावे, असे माझे मत आहे. ते का, हे आज आपणापुढे मांडतो.

प्रथम त्या नदीविषयी. मंडी सोडून आपण बियासच्या काठाने वर जाऊ लागलो, की औटच्या बोगद्याच्या अलीकडे एक रस्ता उजवीकडे बंजारकडे फुटतो. तेथून जवळच लारजी येथे तीर्थन आणि सैंज या दोन नद्या बियासला मिळतात. तीर्थन ही हिमालयाच्या बर्फातून येणारी नदी. तिचे उगमाकडील खोरे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येते, आणि २०१४ साली त्या उद्यानास जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. ह्या नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे घाटत होते. खोऱ्यातील लोकांनी चिकाटीने विरोध केला आणि नदी मोकळी राखली. आज आपण ज्या स्वच्छ, खळाळत्या पाण्याकाठी डबे उघडून बसतो, ते पाणी कोणी तरी लढून राखलेले आहे, एवढे आपण ध्यानी ठेवावे.

बियासचे प्राचीन नाव विपाशा. हीच नदी पुढे पंजाबच्या मैदानात उतरते, आणि तिच्यापासून फारसे दूर नसलेले घुमान हे गाव नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेले आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण गेले होते. मराठी माणसास ह्या नदीचा परिसर अगदीच परका नाही, तो असा.

आता माशाविषयी. ट्राउट हा मासा मूळचा ह्या देशाचा नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातला, आणि अंगावर गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या गावच्या नदीची आठवण येई, आणि ती भागविण्यासाठी त्यांनी हा मासा येथे आणण्याचा ध्यास घेतला. फ्रान्सिस डे यांनी १८६० नंतरच्या दशकात निलगिरीत प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरसाठी पाठविलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र तगली, आणि श्रीनगरजवळ हारवान येथे तिची पैदास झाली. पुढे १९०९ साली हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने काश्मीरकडून अंडी आणवून कुलूमध्ये कटराईंजवळ पैदासकेंद्र काढले. तेथून तो मासा बियासमध्ये आणि तिच्या उपनद्यांत पसरला. सातासमुद्रांपलीकडून बर्फात बांधून आणलेल्या त्या अंड्यांची संतती आज शंभराहून अधिक वर्षे येथे नांदते आहे.

तो येथे रुजला, याचे कारण पाणी. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उष्णता २० अंशांच्या वर जाऊन तशीच टिकली, तर त्याचा जीव घुसमटू लागतो. म्हणूनच आपल्या कृष्णा-गोदावरीत तो जगत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या धोंड्याच्या आडोशास, जिथे धार मंदावते तिथे उभा राहतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. पाण्यात दगड उलटून पाहिला, तर खाली वाळूच्या कणांचे इवलेसे घरटे अंगाभोवती विणून बसलेल्या अळ्या दिसतात. ह्या अळ्या आणि त्यांच्यापासून होणाऱ्या माश्या हे त्याचे मुख्य अन्न. अशा बहुतेक अळ्या गढूळ वा घाण पाण्यात तगत नाहीत. ज्या नदीत त्या विपुल, तिचे आरोग्य चांगले, असे समजण्यास हरकत नाही.

थंडीच्या आरंभी तपकिरी ट्राउटची मादी शेपटीने वाळू-गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. थंड पाण्यात ती अंडी फुटावयास आठवड्यांमागून आठवडे लागतात. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची शिकार बंद असते, ती याचसाठी. मत्स्यविभागाचा परवाना, दिवसाला किती मासे घ्यावेत याची मर्यादा, लहान मासा परत सोडण्याचा नियम, ही सरकारी कटकट वाटते खरी. पण नदीची शिल्लक किती आणि आपण काढावे किती, याचा तो हिशेब आहे. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या आपल्या गृहिणींना तो सर्वांच्या आधी समजेल.

गळाने मासे धरण्याची हौस इंग्रजांनीच आपणास लावली, असा समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख ज्यात आहे, तोच हा ग्रंथ. म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण असून, काठी कशी असावी, दोरा कसला वळावा, कोणत्या माशास कोणते आमिष द्यावे, हे सारे त्यात सांगितले आहे. सुंदरलाल होरा या आपल्या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचा साक्षेपाने अभ्यास केला होता.

आणि मासा न धरण्याची परंपराही आपलीच आहे. महाडजवळच्या वाळणकोंडात आणि वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाच्या नावाने राखलेले महाशीर आहेत. त्यांना लोक खाऊ घालतात, गळ कोणी टाकीत नाही. गंमत अशी, की मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळ मच्छियाल नावाचे असेच एक ठिकाण आहे. तेथेही महाशीरच, आणि तेथेही देवाचीच राखण. सुमारे दीड हजार किलोमीटरांच्या अंतरावर दोन समाजांनी एकमेकांस न विचारता एकच रीत घालून दिली. धरण्यास मर्यादा आणि राखण्यास जागा, ह्या दोन्ही गोष्टी एकाच नदीवर असू शकतात, हे आपल्या आजोळीही ठाऊक होते आणि आपण राहतो त्या मुलखातही ठाऊक आहे. हिंसेचा आक्षेप घेणाऱ्या सभासदांना माझे उत्तर एवढेच, की ज्यांना काठी धरावयाची नसेल, त्यांच्यासाठीही नदीवर काम आहे, आणि ते कमी मोलाचे नाही.

मात्र ट्राउटचे केवळ कौतुक करून भागणार नाही. जगभरातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे; तिच्यात तपकिरी आणि इंद्रधनुषी, ह्या दोन्ही ट्राउटांची नावे आहेत. मोठा झालेला तपकिरी ट्राउट लहान मासे खातो. आपल्या हिमालयी नद्यांत ‘असला’ नावाचा मूळचा मासा राहतो. त्यास काहीजण ‘हिम-ट्राउट’ म्हणत असले, तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याच थंड पाण्यात, त्याच डोहांत तो ट्राउटच्या आधीपासून नांदत होता. दुसऱ्या बाजूस याच ट्राउटच्या शेतीवर आज कुलूतील कित्येक कुटुंबांची चूल पेटते. पतलीकुहलचे सरकारी केंद्र १९९० च्या सुमारास नॉर्वेच्या साहाय्याने वाढले, तेव्हापासून हा धंदा तेथे जोमाने फोफावला. बाहेरून आलेला जीव एकाच वेळी उपकारक आणि उपद्रवी कसा ठरू शकतो, हे ह्या माशाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणी शिकविले नसेल. आपणही पोटापाण्यासाठी बाहेरून येथे आलेली माणसे आहोत. जेथे गेलो तेथल्यांच्या ताटातले न ओढता नांदावे, हा धडा आपण ह्या नदीवर गिरवावा. मूळच्या माशाचे नाव ठाऊक असणे आणि तो चुकून गळाला लागला तर अलगद सोडणे, ही त्याची सुरुवात होय.

आता धोक्याच्या आक्षेपाकडे वळतो. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी याच लारजीखाली थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरले होते. धरणातून पाणी सोडले गेले आणि पाहता पाहता २४ विद्यार्थी व त्यांच्यासमवेत असलेले एक सहलचालक वाहून गेले. जुलै २०२३ मधील पुराने तर कुलूतील नद्यांची पात्रे उलथीपालथी केली; काल जेथे बसावयास खडक होता, तेथे आज धार असते. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी देत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या कोणत्याही मंडळास ती विसरण्याचा अधिकार नाही, म्हणून देतो. धरणाखालच्या पात्रात उतरावयाचे नाही, वर ढग दाटले वा पाणी गढुळले की तत्काळ काठ सोडावयाचा, आणि स्थानिक माणसाच्या शब्दाबाहेर जावयाचे नाही, हे तीन नियम मोडणाऱ्यास, तो कितीही वडीलधारा असो, पुढच्या सहलीत घेऊ नये.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. आपण मुलांना रविवारच्या वर्गात मराठी शिकवितो. ती वाचतात, लिहितात, स्पर्धेत पाठांतरही म्हणतात. परंतु नदीकाठी गेली की त्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, ‘पूल’. आपल्याजवळ डोह आहे, कोंड आहे, खळगा आहे, डबके आहे. ह्या प्रत्येकाचे पाणी वेगळे, आणि त्यात मासा असण्याचा संभवही वेगळा. खळाळ कोणता, धार कोणती, भोवरा कोठे पडतो, हे ज्याला कळते त्यालाच गळ कोठे टाकावा हे कळते. कोकणातून आलेले आपले आजोबा लोक ‘गरी’ आणि ‘तंगूस’ म्हणतात, घाटावरचे ‘गळ’ आणि ‘दोरा’ म्हणतात. त्यावरून त्यांच्यात वाद जुंपला, की मुले कान टवकारून ऐकतात. असे शब्द वहीत उतरवून मुखोद्गत होत नाहीत. ज्या कामासाठी ते घडले, ते काम करताना ते आपोआप तोंडी बसतात. घरापासून दूर वाढणाऱ्या पिढीस असे एखादे काम मराठीतून करावयास मिळावे, हे मला ह्या सहलीचे सर्वांत मोठे फळ वाटते.

म्हणून वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी माझ्या सूचना अशा. एका सहलीत गळकाठ्या सहाहून अधिक नसाव्यात, आणि प्रत्येक काठीचा परवाना रीतसर काढलेला असावा. काठी आळीपाळीने फिरावी. एका वडीलधाऱ्या माणसाबरोबर दोन मुले असावीत. गळाचा काटा उलट्या टोकाविना असावा, म्हणजे सोडलेल्या माशास इजा कमी होते; आणि मासा सोडताना हात ओले करूनच त्यास धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचे रक्षक बुळबुळीत कवच निघून जाते. न धरणाऱ्या मंडळींनी दगड उलटून अळ्यांची नोंद ठेवावी आणि दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवावा. ती वही मंडळाच्या ग्रंथालयात राहावी. आणखी पंचवीस वर्षांनी, अमृतमहोत्सवाच्या वेळी, ती वही उघडून नदी सुधारली की बिघडली, हे आपल्या नातवंडांना सांगता येईल. जेवणात मासा असलाच पाहिजे असा आग्रह नसावा. पिठले-भाकरीने आजवर कोणाची सहल बिघडल्याचे ऐकिवात नाही.

आपले मंडळ पन्नास वर्षे टिकले ते गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि नाटके यांच्या जोरावर. ती सर्व आपण आपल्यासाठी करतो. ही सहल मात्र ज्या मुलखाने आपणास थारा दिला, त्याच्याकडे आपणास घेऊन जाते. ती योग्य रीतीने चालवू या, एवढीच प्रार्थना.