गोळीने रक्त पातळ होत नाही; मग थकवा कशाचा?

(अबू हलीफा येथे आपल्या मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या गोळीबद्दल बोलणार आहे, ती इथे बसलेल्यांपैकी चार-पाच घरांत तरी असेल. कुणाची हृदयाची झडप बदललेली असते, कुणाचे ठोके अनियमित असतात, तर माझ्यासारखीच्या पायाच्या शिरेत गुठळी होऊन तिचा तुकडा फुफ्फुसात गेलेला असतो. आपण तिला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतो. घोटाळा या नावापासूनच सुरू होतो.

या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांचं काम ती मंदावते, एवढंच. वॉरफरिन किंवा भारतात दिलं जाणारं असिट्रोम हे 'के' जीवनसत्त्वाचं काम रोखून करतात. रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्या एका प्रथिनाला थेट अडवतात. पण नाव ऐकून आपण हिशेब मांडतो: रक्त पातळ, म्हणून अंगात ताकद नाही. मला थकवा येऊ लागला तेव्हा शेजारच्या वहिनी प्रेमाने म्हणाल्या, "अहो, रक्त पातळ झालंय, थकवा येणारच!" त्यात हा कुवेतचा उन्हाळा. २०१६ च्या जुलैमध्ये इथल्या मित्रीबाहला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा हवेत कोण थकत नाही?

असं चुकीचं कारण मान्य केलं की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर सोसत राहतो, नाही तर परस्पर गोळी बंद करतो. दोन्ही धोक्याचं आहे. नव्या गोळ्यांचा असर एक-दोन दिवसांत उतरतो आणि गुठळीचा किंवा पक्षाघाताचा धोका परत येतो.

मग थकव्याची खरी कारणं कोणती? पहिलं, मूळ आजार. फुफ्फुसातल्या गुठळीनंतर काहींना महिनोन्‌महिने दम लागतो. दुसरं, सोबतची औषधं. ठोके मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी थकवा येतो. तिसरं, खुद्द ही गोळी. रिव्हारॉक्साबानच्या माहितीपत्रकात थकव्याची नोंद आहे. आणि चौथं, जे आधी तपासायला हवं: नकळत होणारा रक्तस्राव आणि त्यातून येणारा पंडुरोग.

माझ्या बाबतीत हेच चौथं निघालं. हिमोग्लोबिन ९.२ होतं, बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात. रक्त जात होतं ते मासिक पाळीतून. या गोळ्यांनी पाळीतला स्राव वाढू शकतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. तरी मला भेटलेल्या पहिल्या तीन डॉक्टरांपैकी एकानेही पाळीबद्दल विचारलं नाही. विचारलं ते चौथ्या बाईंनी. डॉक्टर विचारत नाहीत, बायका सांगत नाहीत, आणि नवऱ्यासमोर तर विषयच निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. म्हणजे गोळी सुरू होण्याआधीच आपल्यापैकी अनेकींची शिल्लक कमी असते.

बायकांचा थकवा गृहीत धरायचा नसतो, हे आपल्या मुंबईतच दिसलेलं आहे. १९२८ साली लुसी विल्स ही संशोधक तिथे आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचं कारण शोधू लागली. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने दाखवलं. त्यातला उपयोगी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. 'बायका थकतातच' म्हणून ती थांबली असती, तर?

आता कामाच्या गोष्टी. थकवा असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पुरुषांनीही, त्यांचं रक्त बहुधा पोटातून जातं. पाळीत किती पॅड लागतात, गाठी पडतात का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं, स्राव कमी करण्याचे उपायही आहेत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. गुडघेदुखीसाठी मनाने ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम घेऊ नका. रिव्हारॉक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते. तेव्हा एकादशीला ती कशी घ्यायची ते आधी विचारून ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. तिने शौच काळपट होतं, हे खरं. पण लोह घेत नसताना डांबरासारखं काळं शौच, लघवीत रक्त, चक्कर, छातीत दुखणं किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

लोह घेतल्यावर माझं हिमोग्लोबिन चार महिन्यांत १२.४ झालं. गोळी आजही चालू आहे. सांगायचं इतकंच की थकव्याला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं. घरी गेल्यावर आपल्या आईला, बहिणीला, बायकोला एकदा विचारा.