कुलवृत्तांतात नसलेला रकाना

श्रोतेहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोठ्या आतड्याचा कर्करोग : वेळीच तपासणी'. तो मी सोडणार नाही; पण त्याची सुरुवात माझ्या मते दवाखान्यात होत नाही, घरातल्या कपाटात होते. कुलवृत्तांत किती जणांकडे आहे? हात वर करा... बरेच आहेत. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, कुठली शाखा बडोद्याला गेली, कुठली इंदूरला, सगळं त्यात असतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यांची नामावळ मिळते. माणूस कशानं गेला, तेवढं मात्र मिळत नाही. पेशंटला विचारावं, तर उत्तर येतं, "आजोबा ना? पोटाच्या दुखण्यानं गेले."

रोगाची प्राथमिक माहिती तुम्ही वाचलेली आहेच. आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, येतो, त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, दिसला, तर तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे काढता येतो. म्हणजे ही तपासणी रोग होण्याआधीच अडवते. पुढे जाऊ.

आता 1895 साल. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांना शिवणकाम करणारी एक बाई उदास दिसली. कारण विचारलं, तर म्हणाली, मी लवकर मरणार. आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानंच जातात. दुसऱ्या कुणी तिची समजूत घालून तिला घरी पाठवलं असतं. वॉर्थिननी वही उघडली. कोण, कुणाचा, कशानं गेला, हे ती नातेवाइकांकडून विचारून आणायची आणि ते टिपून घ्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. 1913 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ती स्वतः गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली. पुढे हेन्री लिंच या डॉक्टरांनी हाच धागा धरून कितीतरी घराण्यांचे तक्ते केले. त्या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. तो आईकडून येवो वा वडिलांकडून, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो, मुलगी असो.

मुलगी असो, हे मी मुद्दाम म्हणते. आपल्या बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा संपते. आत्याला गर्भाशयाचा कर्करोग झाला, तो तिच्या सासरचा विषय ठरतो; आणि इकडे भाच्याला शौचातून रक्त पडतं, तेव्हा सगळे म्हणतात, मूळव्याध असेल!

(श्रोत्यांतून : "पण सासूबाईंना असलं विचारायचं कसं?" हशा.)

त्या हयात आहेत तोवरच विचारायचं, ताई. कर्करोगाचं नाव घरात घ्यायचं नाही, ही आपली जुनी रीत. ती मायेपोटी आली, हे मला मान्य आहे. पण तिची किंमत पुढची पिढी मोजते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. हे तेवढं लिहून घ्या. आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर कोलोनोस्कोपी साधारण चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी. जे आधी येईल ते. वडिलांना 44व्या वर्षी झाला, तर मुलानं 34व्या वर्षी. लिंचचा दोष सापडलेल्यांनी साधारण 20 ते 25 वयापासून, दर एक-दोन वर्षांनी. घरात कुणालाच नसेल, तरी वय वाढलं की जोखीम वाढते. अमेरिकेत 2021पासून 45व्या वर्षी तपासणी सुरू करा असं सांगतात. नेदरलँड्समध्ये शौचातलं न दिसणारं रक्त तपासायचा संच 55 ते 75 वयाच्या लोकांना टपालानं घरी येतो. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. म्हणून आपल्यालाच डॉक्टरांना विचारावं लागतं. आणि रक्त दिसतच असेल, तर संचाची वाट बघू नका, थेट डॉक्टर गाठा.

मागून कुणी म्हणतंय, "आम्ही शाकाहारी." प्रक्रिया केलेल्या मांसानं धोका वाढतो, हे खरं. पण पॉलिप शाकाहारी माणसालाही येतो, मी काढलेत.

दाराशी कोरे तक्ते ठेवलेत. प्रत्येक नावापुढे आजार आणि तो कळला तेव्हाचं वय लिहा. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं गाळू नका, आणि घरातल्या सुनेनं तिच्या माहेरचा तक्ता वेगळा भरायचा.