मुलांच्या हाती पुस्तक, तर घरात भाषा
(सीमाभागातील एका वाचनालयाच्या बालविभागाचे उद्घाटन करताना आम्ही केलेले भाषण)



उद्घाटकाने फीत कापावी, चार गोड शब्द बोलावे आणि चहापानाकडे वळावे असा आपल्याकडील रिवाज आहे. तो मोडून आम्ही आज तुम्हाला प्रथम दूर तंजावरला नेणार आहोत. कारण मराठी मुलांच्या छापील पुस्तकाची कथा पुण्यात किंवा मुंबईत सुरू होत नाही. ती सुरू होते कावेरीच्या काठी.

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे 1798 साली गादीवर आले. विद्येचा व्यासंग असलेल्या या राजाने आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सख्खन पंडितांकडून इसापच्या गोष्टी मराठीत उतरवून घेऊन ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापवल्या. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत मुलांच्या गोष्टींना स्थान मिळाले, आणि तेही महाराष्ट्राबाहेर, ही गोष्ट आम्हा सीमेवरच्या माणसांनी विसरू नये अशी आहे.

मुंबई इलाख्यात हे कार्य पुढे शाळांच्या गरजेतून उभे राहिले. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ सिद्ध केला. मूळ फ्रेंच ग्रंथ, तो इंग्रजीत गेलेला आणि तेथून छत्र्यांच्या लेखणीने मराठीत आलेला. त्याच वर्षी त्यांची ‘इसपनीतिकथा’ही निघाली. या पुस्तकांचा हेतू उघड होता : मुलाने वाचावे आणि शहाणे व्हावे. पुढे 1873 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. त्यात धर्मोपदेश होता हे खरे; पण दर महिन्याला मुलाच्या नावाने काही नवे घरी यावे ही कल्पना त्यामुळे मराठीत रुजली.

ती कल्पना खऱ्या अर्थाने आपलीशी केली विनायक कोंडदेव ओक यांनी. कोकणातल्या हेदवी गावच्या या शिक्षणखात्यातील गृहस्थाने 1881 साली ‘बालबोध’ सुरू केले आणि 1914 साली देह ठेवीपर्यंत ते चालवले. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय आणि किरकोळ माहिती अशी त्याची ठरलेली मांडणी होती. भाषा सोपी, पण सोपी म्हणजे पोरकट नव्हे. मुलाला कमी कळते असे गृहीत धरून ओकांनी कधी लिहिले नाही. तेहतीस वर्षे हा नेम एका माणसाने पाळला, यातच त्याची थोरवी आहे.

मग आले वासुदेव गोविंद आपटे. 1906 साली पुण्यात त्यांनी मासिक काढले आणि त्याला नाव दिले ‘आनंद’. आधीच्या मासिकांच्या नावांत बोध होता, येथे आनंद आला. या एका शब्दात आमच्या बालवाङ्मयाचे युगांतर साठवले आहे. ‘शब्दरत्नाकर’सारखा कोश रचणाऱ्या पंडिताला मुलांसाठी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आपटे 1930 साली निवर्तले, तरी ‘आनंद’ थांबले नाही. गोपीनाथ तळवलकरांनी ते पुढे दीर्घकाळ सांभाळले. नागपुरात 1927 साली ‘मुलांचे मासिक’ निघाले. 1951 साली भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ काढला. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे घराघरांत नेला. 1952 साली मद्रासहून ‘चांदोबा’ मराठीत आला, आणि 1971 साली पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’. आपल्या बेळगावात राहिलेल्या इंदिरा संतांनी मोठ्यांसाठी जशी कविता लिहिली, तशीच ‘मामाचा बंगला’ आणि ‘अंगतपंगत’ मुलांना दिली, हेही येथे अभिमानाने सांगितले पाहिजे.

आमच्या लहानपणी गावच्या वाचनालयात ‘किशोर’चा एकच अंक येई. त्यासाठी नंबर लागे. आमच्या हाती येईतो मुखपृष्ठ गेलेले असे आणि शब्दकोडे कोणीतरी सोडवून टाकलेले असे. तरीही तो अंक उशाशी घेऊन आम्ही झोपत असू. पुढे पदवी मिळाली, वर्तमानपत्र हाती आले. पण अक्षराचे वेड लागले ते त्या मुखपृष्ठ नसलेल्या अंकाने.

आता पुन्हा तंजावरला चला. 1855 साली ते राज्य खालसा झाले. तेथील मराठी घरांत आजही एक जुनी, गोड मराठी बोलली जाते. परंतु त्या घरांतील बहुतेक मुले वाचतात ती तमिळ किंवा इंग्रजी. जेथे मुलांसाठी मराठी इसाप छापला गेला, तेथेच मराठी बोलणाऱ्या मुलाला आज तो वाचता येऊ नये! असे का व्हावे? आमच्या मते उत्तर हे की, राजाने पुस्तक दिले, पण राजा गेल्यावर दर महिन्याला नवे पुस्तक मागणारा वाचक उरला नाही. ओकांचे आणि आपट्यांचे मासिक कोणा राजाने जगवले नाही. ते वर्गणीदारांनी जगवले.

हे दूरचे दुःख नाही. परवा आमच्या कचेरीत एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. अस्खलित मराठी बोलला. आम्ही त्याच्यापुढे अंक ठेवला तेव्हा मथळ्यातील एकेक अक्षर बोटाने चाचपू लागला. आजोबा खाली पाहत राहिले. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याच्या शाळेत मराठी नाही आणि घरात मराठी पुस्तक नाही. पहिल्या गोष्टीसाठी आपण वर्षानुवर्षे भांडत आलो, दुसरीसाठी कोणाशी भांडायचे? शेजारच्या कन्नड मुलाने आपली सुंदर पुस्तके वाचावीत याचा आम्हाला आनंदच आहे. आपल्या मुलाची कपाटे रिकामी राहिली, तर त्याचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागेल.

‘चांदोबा’ बंद पडला. अनेक मासिके गेली. ‘किशोर’चे जुने अंक मात्र आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. साधनांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसून वाचणाऱ्या माणसाचा.

म्हणून या बालविभागाकडे आमचे एकच मागणे आहे. कपाटांना कुलूप लावू नका. पुस्तके फाटू द्या, मुखपृष्ठे जाऊ द्या. फाटलेले पुस्तक शिवता येते; कोरे राहिलेले नुसते जीर्ण होते. आणि पालकांनो, आज येथून जाताना मुलाच्या नावाने एका मासिकाची वर्गणी भरूनच जा. पावतीवर नाव त्याचे घाला, तुमचे नको.

बालमित्रांनो, आमचे बोलणे संपले. आता कपाट तुमचे.