दुखतं ते सांगा, पाय खुंटीला टांगू नका



रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून चालताना आपण पाय किती जपून टाकतो! आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा पाय शुगरची जखम चिघळल्यामुळे गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे त्यांना शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण महिन्याभरात तो पाय खुंटीला टांगलेला दिसला. ताई म्हणाल्या, "फुकट मिळालेल्या पायाला नावं कशी ठेवायची? माझंच सोसणं कमी पडतं."

आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग आम्ही त्यांना घेऊन पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञांकडे गेलो.

१९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. त्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलातही जाता येतं. पण पाऊल कितीही चांगलं असलं तरी अंगाचा भार पेलतो तो वरचा सॉकेट. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेल्यासारखा भाग.

हंडा तोच असतो, पण चुंबळ नसली की डोकं दुखतं. कारण सगळा भार एकाच जागी येतो. सॉकेटचंही तसंच आहे. गुडघ्याच्या वाटीखालची जागा भार सोसते. नडगीची धार, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाडाचं टोक आणि कापलेल्या हाडाचा शेवट, या जागा मात्र सोसत नाहीत.

तंत्रज्ञांनी सॉकेटच्या तळाशी ओल्या मातीची छोटी गोळी ठेवली आणि ताईंना उभं केलं. गोळी तशीच गोल राहिली तर खाली पोकळी आहे, पार चपटी झाली तर टोकावर जास्त भार येतो. मग दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून पाय घातला. ठिपका आत उमटला. तेवढीच जागा तापवून त्यांनी बाहेर ढकलली.

काही ठिकाणी यासाठी कागदासारखी पातळ सेन्सरची पट्टी सॉकेटच्या आत ठेवतात. माणूस चालू लागला की कुठे किती दाब पडतो ते कॉम्प्युटरवर रंगांत दिसतं. जास्त दाब लाल, कमी दाब निळा. उभं राहताना न दिसलेला दाब चालताना कळतो.

घरी आपण काय करायचं? पाय काढल्यावर कातडी रोज बघा, मागची बाजू आरशात बघा. लाली १०-१५ मिनिटांत गेली नाही, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय घालू नका, तंत्रज्ञांना दाखवा. शुगर असेल तर दुखणं जाणवेलच असं नाही, म्हणून बघणं जास्त गरजेचं. सुरुवातीच्या महिन्यांत उरलेला पाय बारीक होतो आणि सॉकेट सैल पडतो. तेव्हा सांगितल्याप्रमाणे मोजा वाढवा. मोजे फारच वाढवावे लागले तर सॉकेट बदलायची वेळ झाली. घरी सॉकेट घासू नका, तापवू नका.

आमच्या ताई दोनदा दुरुस्तीला जाऊन आल्या. आता त्या पाय घालून गटाच्या बैठकीला चालत येतात. तुमच्या गावात कुणाचा पाय खुंटीला टांगलेला आहे का? पुढच्या बैठकीत विचारा, आणि त्या बाईसोबत तुमच्यातली एक जण जा.

येतो आम्ही. रामराम!