पूलच्या खेळांतील कांहीं इष्ट फेरफार



'पूल' हा शब्द कानांवर पडतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें नदीवरचा पूल उभा राहील. मला बोलावयाचें आहे तें त्या पुलाविषयीं नव्हे. सहा खिशांच्या, कापडानें मढविलेल्या टेबलावर लांब काठीनें रंगीत चेंडू ढकलण्याचा जो खेळ आपल्या शहरांतील क्लबांतून आणि बाजारपेठेंतील खेळघरांतून चालतो, त्या खेळाविषयीं मी आज चार शब्द सांगणार आहें.

ह्या खेळाच्या नांवाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पूल म्हणजे सर्वांनीं मिळून लावलेल्या पैशांची सामाईक रक्कम. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या ज्या जागा होत्या, त्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींमधील वेळ जावा म्हणून तेथें बिलियर्डचीं टेबलें मांडलेलीं असत. अशा रीतीनें जुगाराचें नांव त्या निरपराध खेळाला चिकटलें, तें अद्याप सुटलेलें नाहीं. मुलगा पूल खेळावयास जातो असें कळलें कीं आजही पुष्कळ घरांतून वडिलांच्या कपाळाला आठी पडते, ती कांहीं अगदींच अकारण नव्हे.

ही आठी घालविण्याचा मार्ग कोणता? उपदेश हा एक मार्ग आहे. तो मीं माझ्या शिक्षकाच्या पेशांत पुष्कळ केला आणि त्याचें फळ किती येतें तेंही पाहिलें. त्याहून चांगला मार्ग म्हणजे खेळाचे नियम व साधनें ह्यांत विचारपूर्वक फेरफार करणें. खेळांत दैवाचा वांटा जितका अधिक, तितका तो जुगाऱ्याला प्रिय. कौशल्याचा वांटा जितका अधिक, तितका तो खेळाडूला प्रिय. पूलमधील दैवाचा वांटा कमी करतां येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. जुन्या खेळाच्या नियमांना हात लावावा काय? ह्या कुळांतील खेळांचा इतिहास असें सांगतो कीं, ते बदलत बदलतच वाढले आहेत. काठीच्या टोंकाला चामड्याची टिकली नव्हती तोंपर्यंत चेंडूला फिरकी देणें जवळजवळ अशक्य होतें. फ्रान्समधील कॅप्टन मँगो ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ही टिकली प्रचारांत आणली आणि खेळाचें स्वरूप पालटलें. पुढें गंधकाच्या प्रक्रियेनें टिकाऊ केलेलें रबर आलें, तेव्हां टेबलाच्या कडांना खरा उसळा मिळाला. हस्तिदंती चेंडूंसाठीं असंख्य हत्तींचा बळी जात असे. त्या दंताला पर्याय शोधतां शोधतां १८६९ च्या सुमारास अमेरिकेंत जॉन हायट ह्यानें सेल्युलॉइडचा उपयोग केला. आज स्नूकर म्हणून जो खेळ जगभर चालतो, तोही आपल्याच देशांत, जबलपूरच्या लष्करी छावणींत, १८७५ सालीं नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें पूलच्या जुन्या प्रकारांत रंगीत चेंडूंची भर घालून निर्माण केला असें मानलें जातें. म्हणजे फेरफार हा ह्या खेळांचा धर्मच होय.

परंतु कोणताही फेरफार चांगला असें मात्र नाहीं. त्याला कांहीं कसोटी पाहिजे, आणि ती कसोटी बिलियर्डच्या इतिहासांतच सांपडते. १९०७ सालीं इंग्लंडमध्यें टॉम रीस ह्या खेळाडूनें दोन चेंडू खिशाच्या तोंडाशीं अडकवून ठेविले आणि आपला चेंडू त्यांवर हळूच आपटीत, कित्येक आठवडे खेळून, ४,९९,१३५ गुणांची खेळी केली! प्रेक्षकांना अर्थातच झोंप आली, आणि ती युक्ति नियमबाह्य ठरविण्यांत आली. पुढें १९३२ सालीं ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम ह्यानें लंडनमध्यें जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ गुणांची खेळी केली. तीन चेंडू कडेशीं एकत्र ठेवून त्यांना अलगद पुढें नेण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हां ठराविक गुणांच्या आंत आपला चेंडू एकदां तरी टेबलाच्या एका टोंकावरील रेषेपलीकडे नेलाच पाहिजे असा नियम आला. हा नियम लिंड्रमला शिक्षा म्हणून नव्हता. एकच फटका इतर सर्व फटक्यांना हद्दपार करूं लागला होता म्हणून तो आला. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, ते अशाच सुधारलेल्या खेळांत. तेव्हां कसोटी ही: ज्या नियमानें खेळाचें क्षेत्र आंखडतें तो बदलावा, ज्यानें तें विस्तारतें तो राखावा.

आतां ही कसोटी पूलच्या 'नाइन-बॉल' ह्या प्रकाराला लावून पाहूं. मोठ्या स्पर्धांतून हाच प्रकार अधिक दिसतो. एक ते नऊ आंकड्यांचे चेंडू टेबलावर असतात. टेबलावर जो सर्वांत लहान आंकडा शिल्लक असेल त्या चेंडूला पांढऱ्या चेंडूनें प्रथम स्पर्श झाला पाहिजे. तेवढें झालें कीं मग कोणताही चेंडू कोणत्याही खिशांत गेला तरी तो मान्य. आणि ज्याच्या फटक्यानें नऊ आंकड्याचा चेंडू खिशांत जाईल त्यानें डाव जिंकला. ह्याचा परिणाम पहा. एक खेळाडू अचूक नेमानें आठ चेंडू घालवितो आणि शेवटचा केसभर हुकतो. दुसऱ्या डावांत त्याचा प्रतिस्पर्धी एक आंकड्याच्या चेंडूवर नेम धरतो, तो साफ चुकतो, चेंडू तीन कडांवर आपटत भटकतो आणि वाटेंत नऊ आंकड्याच्या चेंडूला धक्का देऊन त्याला खिशांत ढकलतो. डाव ह्या दुसऱ्याचा!

येथें माझी पहिली सूचना अशी कीं, कोणता चेंडू कोणत्या खिशांत घालावयाचा हें खेळाडूनें आधीं सांगावें. ही कल्पना माझी नव्हे. पूलच्याच 'टेन-बॉल' ह्या प्रकाराच्या जागतिक नियमांत ती आहे. तेथें सांगितल्यापेक्षां वेगळें घडलें तर पाळी संपते, आणि आहे त्या स्थितींत आपण खेळावें कीं पहिल्यालाच पुन्हां खेळावयास लावावें, हें प्रतिस्पर्धी ठरवितो. शिवाय आरंभींच्याच फटक्यांत दहा आंकड्याचा चेंडू खिशांत गेला तर डाव जिंकला जात नाहीं. तो चेंडू पुन्हां टेबलावर ठेवतात. आपल्या घरोघरच्या कॅरममध्यें राणी घेतल्यावर लागलीच दुसरी सोंगटी घेऊन ती पक्की करावी लागते, त्यांतील तत्त्व ह्याच जातीचें आहे. मोठें बक्षीस एका योगायोगावर मिळूं नये.

ह्यावर दोन आक्षेप येतात. एक, प्रत्येक वेळीं बोलण्यांत वेळ जातो. परंतु जो फटका उघड दिसतो तो सांगावाच लागत नाहीं. शंका असेल तेथें काठीनें खूण केली तरी पुरे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: दैव दोघांनाही सारखेंच भेटतें, शेवटीं हिशेब जुळतो. हें खरें आहे, परंतु तें दीर्घ सामन्यांत. नाणें हजार वेळां उडविलें तर छाप व कांटा जवळजवळ सारखे येतात. पांच वेळां उडविलें तर येतीलच असें नाहीं. आपल्या क्लबांतील सामने पांचसात डावांचे असतात. अशा आंखूड सामन्यांत दैवाचा हिशेब जुळावयास अवसरच मिळत नाहीं, आणि पैज लावणाराला नेमकें हेंच हवें असतें.

दुसरी सूचना आरंभींच्या फटक्याविषयीं, म्हणजे ज्याला ब्रेक म्हणतात त्याविषयीं आहे. नऊ चेंडू एकमेकांना अगदीं चिकटून रचलेले असले कीं बाजूच्या टोंकाचा चेंडू कोपऱ्याच्या खिशाकडे जवळजवळ ठरलेल्या वाटेनें जातो. हें ध्यानांत आल्यावर कसबी खेळाडूंनीं जोराचा फटका सोडून हलका, मोजून मारलेला फटका वापरावयास सुरुवात केली. २००१ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत कोरी ड्यूएल ह्यानें ह्याच युक्तीनें विजय मिळविला, आणि तेव्हांपासून ह्या प्रश्नाचा खल चालूं आहे. त्यावर उपायही योजले गेले: फटका टेबलाच्या मधल्या ठराविक पट्टींतूनच मारावा, नऊ आंकड्याचा चेंडू खुणेच्या ठिपक्यावर येईल अशी रचना करावी, निदान तीन चेंडूंनीं खिसा गांठावा किंवा रेषा ओलांडावी. हे उपाय योग्य आहेत, कारण एका फटक्याचें साम्राज्य ते मोडतात. मी त्यांना आणखी एकाची जोड देऊं इच्छितों. जिंकणारानेंच पुन्हां आरंभ करावयाचा, ही रीत सोडून आरंभ आळीपाळीनें करावा. नाहींपेक्षां एकजण खेळत राहतो आणि दुसरा खुर्चींत बसून त्याचें कौशल्य पाहतो. बुद्धिबळांत पांढरीं मोहरीं एकाकडेच ठेवून सामना खेळविला तर त्यास आपण न्याय म्हणणार नाहीं.

येथेंच एका नेहमीं सुचविल्या जाणाऱ्या बदलाला मी विरोध करतों. हल्लींच्या नियमांत एकानें चूक केली कीं दुसऱ्याला पांढरा चेंडू हातांत घेऊन टेबलावर वाटेल तेथें ठेवतां येतो. ही शिक्षा फार कडक आहे, ती सौम्य करावी असें कांहीं जण म्हणतात. कसोटी लावून पहा. शिक्षा कडक आहे म्हणूनच प्रतिस्पर्ध्याला अडचणींत टाकणारा सावध फटका मोलाचा ठरतो. आणि त्या अडचणींतून सुटण्यासाठीं एकदोन कडांवरून चेंडू अचूक नेण्याची विद्या शिकावी लागते. मला तर त्यांत माझ्या आवडीची भूमिति दिसते: पतनकोन आणि परावर्तनकोन सारखे, आणि त्यांत फिरकीनें पडणारा फरक. ह्या नियमानें खेळ विस्तारला आहे. तो राहूं द्यावा.

आतां साधनांकडे वळूं. चेंडू रचण्यासाठीं लांकडी त्रिकोणाऐवजीं भोंकें पाडलेला पातळ पत्रा वापरतात. त्यानें रचना प्रत्येक वेळीं सारखी येते आणि हातचलाखीला वाव राहत नाहीं. रचण्याचें काम मात्र खेळाडूनें न करतां तिऱ्हाइतानें करावें.

खिशांच्या रुंदीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पूलचा चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा. कोपऱ्याच्या खिशाचें तोंड जागतिक नियमांप्रमाणें साडेचार ते चार पूर्णांक पांच-अष्टमांश इंच. म्हणजे दोन चेंडू शेजारीं शेजारीं ठेविले तर खिशाच्या तोंडांत जेमतेम बसतील. उत्तम खेळाडूंना हें फार सैल वाटतें, म्हणून कांहीं मोठ्या स्पर्धांतून खिसे अरुंद करण्याकडे कल आहे. थोडें अरुंद करणें बरें. फार अरुंद करणें बरें नव्हे. चेंडू खिशाच्या डाव्या अंगानें घालावा कीं उजव्या, ह्यावर पांढरा चेंडू पुढें कोठें थांबेल तें अवलंबून असतें. तोंड अति अरुंद केलें कीं ही निवड नाहींशी होते, आणि खेळ विस्तारण्याऐवजीं आंखडतो. माझ्या मतें श्रेष्ठ स्पर्धांसाठीं सव्वाचार इंच ही मर्यादा योग्य होय. क्लबांतील नवशिक्यांसाठीं आहे तीच ठेवावी.

नाणें टाकून चालणाऱ्या टेबलांत आणखी एक अनिष्ट गोष्ट दिसते. खिशांत पडलेला पांढरा चेंडू इतरांपासून वेगळा होऊन परत यावा म्हणून तो कित्येकदां इतरांहून मोठा, लहान किंवा जड केलेला असतो. दोन समान वजनाचे चेंडू समोरासमोर आदळले आणि फिरकी नसली, तर पहिला जागींच थांबतो आणि त्याची गति दुसऱ्याला मिळते. पांढरा चेंडू जड असला तर तो थांबत नाहीं, पुढें सरकतो. अशा टेबलावर शिकलेल्या मुलाला खऱ्या टेबलावर सारें पुन्हां शिकावें लागतें. आकारानें व वजनानें समान, परंतु लोहचुंबकाच्या साह्यानें वेगळा होणारा चेंडू मिळतो, तोच वापरावा.

शेवटचा प्रश्न जागेचा. स्पर्धेच्या टेबलाचें खेळण्याचें क्षेत्र १०० इंच लांब व ५० इंच रुंद. काठी सुमारें ५८ इंचांची. चारी बाजूंनीं काठी मोकळी मागें घेतां यावी तर खोली सुमारें १८ फूट लांब व १४ फूट रुंद पाहिजे. आपल्या शहरांत इतकी जागा कितीकांना परवडेल? खेळघरांचे चालक मग टेबलें दाटीवाटीनें मांडतात आणि भिंतीजवळ आंखूड काठी हातांत देतात. त्यापेक्षां सात फुटी टेबल घ्यावें. त्याला सुमारें १६ फूट लांब व १३ फूट रुंद खोली पुरते. शाळांनीं व व्यायामशाळांनींही असें एखादें टेबल ठेवण्यास हरकत नाहीं.

ह्यांतील बहुतेक सुधारणांसाठीं कोणत्याही आंतरराष्ट्रीय मंडळाच्या ठरावाची वाट पाहावयास नको. आपल्या क्लबाच्या भिंतीवर एक कागद लावावा: चेंडू व खिसा आधीं सांगावा, आरंभ आळीपाळीनें करावा, रचना तिऱ्हाइतानें करावी. तीन ओळी पुरेत. वडिलांनींही मुलाला केवळ तेथें जाऊं नको म्हणण्याऐवजीं एकदां त्याच्याबरोबर जाऊन हा कागद तेथें आहे कीं नाहीं तें पाहावें. जेथें जिंकणाराला आपण कां जिंकलों आणि हरणाराला आपण कां हरलों हें सांगतां येतें, तेथें पैज लावणाराचें मन फार काळ रमत नाहीं. तो आपण होऊन उठून जाईल, आणि टेबल खेळणारांसाठीं मोकळें होईल.