वहीतलं नाव

नाशिकला गोदाकाठी आलेल्या यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितलं, की तीर्थोपाध्याय वही उघडून त्याच्या पणजोबांची नोंद काढून देतात. चर्चच्या वह्याही अशाच. कोचीनच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये डच अमदानीतली, १७५१ ते १८०४ या काळातली बाप्तिस्मा आणि विवाहांची नोंदवही आहे. डच पूर्वज शोधणाऱ्याला तिचा मोठा आधार.

पण आपल्या शरणपूरचं काय? एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या मिशनमध्ये वाढली. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. त्यांचं हृदय जिथे पुरलं, तिथल्या झाडावर याने अक्षरं कोरली. पार्थिवाबरोबर तो १८७४ मध्ये इंग्लंडला गेला.

जगाने त्याला ‘जेकब’ म्हणून ओळखलं. पण ते नाव बाप्तिस्म्याचं. आईने मारलेली हाक त्याआधीची. गुलामांच्या बाजारात माणूस विकला जातो, तेव्हा वंशावळीचा धागाही तिथेच तुटतो. पुढे वही कितीही नीट ठेवली, तरी तो सांधत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना जुनी नावं आठवताहेत, तोवर ती लिहून ठेवा.